फिकी सुरखी

हौशीराम : ती घागर आधी तितनं उचल, द्वारके. इंजनेर सायेब यायच्या आत भट्टीचं अंगण कसं आरशावानी दिसाय पायजे.

द्वारका : घागर राहील, नाना. बाकी काय झाडायचं ते झाडा.

हौशीराम : अगं, काल तेरावं झालं. सुतकातली घागर ती. लोक आधीच कायबाय बोलत्यात. बाप गेल्यावर पोरगी रडायचं सोडून चुना मळत बसली म्हनं.

बाया : लोक न्हाई बोललं. तुमची बायको बोलली. म्या पानवठ्यावर ऐकलं.

हौशीराम : बाया, तू लाकडं रच. मधी मधी तोंड घालू नगंस.

बाया : लाकडं हातानं रचत्यात, हौशीरामभाऊ. तोंड रिकामंच असतं.

द्वारका : साहेब कधी यायचे आहेत?

हौशीराम : दत्तोबा कंत्राटदार त्येंना मोटारीत घिऊन निघालाय. वडगावात च्या घेत्याल, मग हितं आंबीला येत्याल. तू येक काम कर. घरात जा, काकीला पोह्यास्नी हात लाव.

द्वारका : पोहे काकी एकट्या करतील. तुम्ही साहेबांना काय सांगणार, ते मला ऐकायचंय.

हौशीराम : त्यात काय ऐकायचं?

द्वारका : मग आत्ता सांगा. मीच साहेब आहे असं समजा.

बाया : समजा की. नाकावरचा राग तर सायबाचाच हाय तिच्या. निस्ती टोपी घालायची ऱ्हायली.

हौशीराम : हे बघ पोरी. लोणावळ्याला शेठच्या बंगल्यावर दत्तोबानं बांधल्याला हौद फुटला. खाली गेणू माळ्याची खोली व्हती, त्येचा पाय मोडला. कुनावर तरी बालंट येनारच. चुना आपल्या भट्टीचा गेलता. मी सायबाला येकच वाक्य सांगनार. भट्टी माज्या थोरल्या भावाच्या हातात व्हती, त्येची नजर गेलती, चुना कच्चा ऱ्हायला, आता भाऊ बी गेला. बास.

द्वारका : हे एक वाक्य नाही. चार आहेत. तीन खरी सांगून चौथं खोटं तुम्ही त्यांच्या पोटात लपवलंत.

हौशीराम : शाळंत शिकवतीस म्हनून माजं वाक्य मोजाय लागली व्हय?

द्वारका : हे तुम्ही सुचवलंत की दत्तोबांनी?

हौशीराम : सुचवायचं काय! दत्तोबा शाना मानूस हाय. त्यो म्हनला, हौशीराम, देहूरोडला लष्कराची गोदामं बांधायची हायेत. लढाई हाय, सिमिट डोळ्याला दिसत न्हाई. सगळा चुना आन सगळी सुरखी तुज्या भट्टीची घेतो. फकस्त इंजनेर सायबाम्होरं हौदाचा ह्यो डाग पुसाय पायजे.

द्वारका : आणि डाग पुसायला आबांचं धोतर घ्यायचं.

हौशीराम : मेलेल्या मानसाला काय लागतंय गं? त्येला कुनी कचेरीत उभा करनार न्हाई. त्येला कुनी काम नाकारनार न्हाई. मी जित्ता हाय. माजा सोपान हाय, त्येची पोरं हायेत. वाडीवरची धा-पाच घरं ह्या भट्टीवर जगत्यात. ह्या बायाचीच चूल इच्यार.

बाया : माजी चूल मधी आनू नगा. भट्टी नव्हती तवा आमी ठाकरं काय वारा खाऊन ऱ्हात व्हतो? डोंगर हाय अजून जाग्यावर. करवंदं बी हायेत.

हौशीराम : बारा म्हैनं करवंदं खा मग.

बाया : खाईन. पर माज्या पोटाचं नाव करून मालकाच्या तोंडाला काळं फासू नगा.

द्वारका : नाना, चुना कच्चा होता हे कशावरून?

हौशीराम : हौद फुटला ह्याच्यावरनं!

द्वारका : हौद फुटला म्हणजे भिंत वाईट होती. भिंतीत दगड असतो, वाळू असते, चुन्यात कालवलेली भाजल्या मातीची पूड, सुरखी असते, गवंडी असतो, मुकादम असतो. एवढ्या सगळ्यांतून तुम्हाला आबाच सापडले.

बाया : गेलेला मानूस लय लवकर सापडतो, बाय. पळत न्हाई ना.

द्वारका : आबांचा चुना कच्चा निघणं शक्य नव्हतं. भट्टी उघडली की ते खालचा एक खडा, मधला एक खडा घ्यायचे, कुटायचे, तोलायचे आणि मुशीत घालून पुन्हा भाजायचे. परत तोलायचे. वजन आणखी उतरलं तर भट्टी कच्ची. उतरलं नाही तर दगडातला वारा संपला, चुना झाला. वजन उतरायचं थांबेस्तोवर त्यांनी एक पोतं बाहेर जाऊ दिलं नाही. डोळे गेले तरी पारडं बोटानं कळायचं त्यांना.

हौशीराम : मला सांगतीस? तरुणपनी दादा पुण्याला कालेजात बाटल्या धुवाय व्हता. येताना सोनाराचा तराजू आन मूस घिऊन आला. बाकीची पोरं पुण्यासनं आरसा आनायची, अत्तर आनायची. आमचा दादा मूस घिऊन आला. गावानं नाव ठिवलं, चुन्याचा सोनार.

द्वारका : ठेवलं नाही. दिलं.

बाया : आता भांडू नगा, मोटार येईल. तू ते दाखीव की गं, पदरात बांधलंय ते.

हौशीराम : काय बांधलंय?

द्वारका : त्या हौदाच्या भिंतीचा तुकडा. गेणूच्या बायकोनं दिला. मी जाऊन आले लोणावळ्याला.

हौशीराम : कवा?

द्वारका : दहाव्याच्या आधी.

हौशीराम : सुतकात गेलतीस? बाप जाऊन आठ दीस न्हाई झालं आन तू आगगाडीत बसलीस?

द्वारका : सुतक मला होतं, नाना. आगगाडीला नव्हतं.

हौशीराम : ऐकलंस का गं बाया, ऐकलंस का? ही पुस्तकं वाचून हे असं.

बाया : ऐकलं. बरोबरच बोलली.

द्वारका : हा धरा. बोटानं मोडा, सहज मोडतो. आता आत बघा. हा पांढरा चुना. सगळीकडे सारखा, एक कच्चा खडा नाही. आणि ही सुरखी. कशी आहे?

हौशीराम : लाल. चांगली लालभडक.

द्वारका : उन्हात धरा.

हौशीराम : चमकती.

द्वारका : काचेसारखी चमकते. आबांची सुरखी कधी चमकली होती? बाया, तू सांग. कशी असायची?

बाया : फिकी. पेरूच्या गरावानी. हाताला मऊ लागायची, पिठावानी. जिभंला लावली तर जीभ धरून ठिवायची.

हौशीराम : आन तीच तर खोट व्हती तिच्यात! दत्तोबाच्या मुकादमानं माज्या म्होरं दोन पोती उलथी केली, चुना मळायच्या घाणीच्या मागं. म्हनला, ही माती हाय, भाजलेली न्हाई. फसवता व्हय आमाला? सुरखी लाल असती. लाल आन, न्हाई तर गाडी रिकामी नेतो. दादा तवा तुज्याकडं पुण्याला, डोळं दाखवाय. मी येकटा. मग म्या काय करू?

द्वारका : काय केलंत?

हौशीराम : डोकं चालवलं. कोंडाजी कुंभाराच्या वीटभट्टीत खंगरांचा ढीग पडलेला. आगीच्या तोंडाशी आसून जळून येकमेकींना चिकटलेल्या इटा. कुनी घेत न्हाई त्या. गाडी भरून आनल्या, बायकांकडनं कुटून घेतल्या. काय लाल निघाली म्हनून सांगू! मुकादम निस्ता खूश. आपल्या चुन्यात मिसळून गेली वर लोणावळ्याला.

बाया : कुटताना हात फुटलं आमचं. ठिणग्या उडायच्या. म्या तवाच म्हनलं, भाऊ, ही सुरखी न्हवं, हे दगडाचं पीठ हाय, मालक येऊ द्या. तर मला म्हनं, बाया, तुला काय कळतंय.

हौशीराम : मग? अगं, जास्त भाजली म्हंजे जास्त पक्की. साधी गोष्ट हाय. घराला इट लाल लागती का फिकी? भाकर कच्ची खाल्लेली चालती का?

बाया : आन करपलेली?

हौशीराम : तू गप गं.

बाया : करपलेली तर कुत्रं बी हुंगून सोडतं.

द्वारका : घराला वीट लालच लागते, नाना. तिचं काम एकटीनं उभं राहायचं. सुरखीला चुन्याशी संसार करायचा असतो. आबा सांगायचे, मातीत पाणी दोन जागी असतं. एक वरची ओल. ती उन्हानं जाते, आणि पाऊस पडला की परत येते. दुसरं पाणी मातीच्या हाडात असतं. ते फक्त आगीनं जातं. आणि त्याला आगही बेताची लागते. भट्टीचं तोंड अंधारात जांभळासारखं लाल दिसेल एवढीच. ते पाणी गेलं की माती भुकेली होते. तुझी जीभ धरते ती त्याच भुकेनं, बाया. अशा मातीला चुना दिला की ती त्याला पाण्याखालीसुद्धा सोडत नाही. पण आग वाढवून पिवळी केली, तर माती वितळते आणि स्वतःचंच तोंड शिवून घेते. मग तिला चुना द्या नाही तर अमृत द्या. ती काच झालेली असते.

हौशीराम : हे दादानं तुला सांगितलं?

द्वारका : हो. म्हणून ते दगड खाली रचायचे, कारण दगडाला मोठी आग लागते. आणि मातीचे गोळे सगळ्यात वर, झाकणासारखे. तिथं आग पोचते तीच मवाळ होऊन.

हौशीराम : मला न्हाई सांगितलं.

द्वारका : नाना...

हौशीराम : न्हाई, थांब. सारा जलम त्येच्या संगं ह्या भट्टीवर गेला माजा. मिसरूड फुटायच्या आधीपासनं. माज्या पापण्या जळल्यात हितं. मला काय म्हनायचा? 'हौश्या, गोळं वर ठिव.' बास. का वर, खाली ठिवलं तर काय हुतं, कदी न्हाई. तुला मातर मातीच्या हाडातलं पाणी सांगितलं. तू सुट्टीला यायचीस, पावन्यावानी.

द्वारका : मी विचारायची म्हणून सांगायचे.

हौशीराम : थोरल्या भावाला इच्यारत्यात व्हय? आमच्यात न्हाई इच्यारत. थोरला सांगतो, धाकटा करतो. तसंच चालत आलंय.

बाया : आन थोरला गावाला गेला की धाकटा खंगर कुटतो.

द्वारका : बाया, असू दे. त्यात आबांचीही चूक आहे. ती मी मान्य करते. पण ती चूक दत्तोबांच्या साहेबाला सांगायची नाही. ती आपली घरातली. आता ह्या घागरीत हात घाला.

हौशीराम : मी न्हाई घालायचा. सुतकातलं पानी.

द्वारका : मग मी काढते. ह्या दोन वड्या. अस्थी सावडून आलो त्याच दिवशी मळल्या. चुना दोन्हींत एकच, आबांनी काढलेल्या शेवटच्या भट्टीचा. ह्या, दोऱ्याची खूण असलेल्या वडीत आबांची सुरखी आहे.

हौशीराम : ती कुटनं आनलीस? ती तर मुकादमानं...

द्वारका : घाणीच्या मागून. मुकादमानं उलथली तिथंच आहे अजून. वर पाचोळा पसरला होता कुणी तरी.

बाया : वाऱ्यानं पसरला आसंल. हल्ली वारं लय शानं झालंय.

हौशीराम : दादा रागावला असता. माती वाया गेली म्हनून.

द्वारका : आणि ह्या, खूण नसलेल्या वडीत तुमची सुरखी. छपरीत अर्धं पोतं उरलंय, बायानं दाखवलं, त्यातली. दोन्ही वड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या, जरा धरल्यावर पाण्यात सोडल्या. हौदाच्या भिंतीला पाण्यातच उभं राहायचं होतं, म्हणून पाण्यात. आबा प्रत्येक भट्टीची वडी अशीच ठेवायचे, तुम्ही पाहिलंय. घ्या. नख लावा.

हौशीराम : बायाला दे.

बाया : द्या हिकडं. ही दोऱ्याची... न्हाई बाय, नख न्हाई लागत. नखच वाकतंय. दात लावू का?

द्वारका : नको. आता दुसरी.

बाया : आगं आई! ही तर खरवसावानी हाय. बोट रुतलं बघा. भाऊ, बघा की.

हौशीराम : तू दाबलीस जोरात.

बाया : मग तुमी हळू दाबा. लेकराचा गाल दाबल्यावानी दाबा.

(हौशीराम उकिडवा बसतो, धोतराला हात पुसतो आणि आधी दोऱ्याची वडी घेतो, मग दुसरी.)

हौशीराम : वर लोणावळ्याला समदी भिंत अशी?

द्वारका : बाहेरून वारा लागला तिथं वाळून कडक दिसत होती. आत, पाण्याच्या बाजूनं, अशी. गवंडी बाहेरून टकटक करून पास झाला.

हौशीराम : दादानं का न्हाई वडी ठिवली त्या भट्टीची? ठिवली आसती तर कळलं असतं.

द्वारका : ठेवली होती. पुण्याला यायच्या आधी. त्यांचा चुना आणि त्यांची सुरखी. दगडासारखी निघाली. म्हणून तर त्यांना कळेना.

हौशीराम : काय कळंना?

द्वारका : हौद फुटल्यावर ते गेणूला बघायला गेले. डोळ्यांवर पडदा, रंग दिसत नव्हता. दिसला असता तर भिंतीपाशी उभ्या उभ्या सगळं उमगलं असतं. परत आले आणि तापानं पडले. ती वडी उशाशी होती. दिवसभर हातात घ्यायचे, नखानं खरवडायचे. मला म्हणाले, 'द्वारके, वडी म्हणते मी बरोबर. भिंत म्हणते मी चूक. दोघींतली खोटी कोण?' मी म्हटलं, वडी खोटं बोलत नाही. तर म्हणाले, 'गेणूचा पाय पण खोटं बोलत नाही गं. माझंच काही तरी चुकलं.' तुम्ही उंबऱ्यात तंबाखू मळत बसला होतात, नाना.

बाया : मला वाटलं व्हतं, मालक आल्यावर तुमी सांगितलं आसंल. बोला की आता. तंबाखू थुका आन बोला.

हौशीराम : आईच्यान सांगतो, मला वाटत व्हतं लाल चांगली. चोरी केल्यावानी न्हाई केलं म्या. मला वाटलं, त्येच्या फिक्या सुरखीपरीस आपुन चांगला माल दिला, आन तरी भिंत पडली, म्हंजे चुन्यातच खोट. आन सांगितलं असतं तर तापात चिडला असता. म्हनलं बरा झाला की सांगू.

द्वारका : 'सुरखी बदलली होती.' तीन शब्द होते. चिडले असते. उठून बसून चिडले असते.

हौशीराम : पोरी...

द्वारका : ते स्वतःला चुकलेला समजून गेले. ते मला आता दुरुस्त करता येत नाही. पण साहेबासमोर पुन्हा तेच म्हटलं जाणार असेल, तर ते मी होऊ देणार नाही.

हौशीराम : बरं. माजी चूक झाली. झाली म्हन. आता ती सायबाला सांगून काय साधनार? देहूरोडचं काम गेलं म्हंजे गेलं. दत्तोबा परत दारात उभा ऱ्हानार न्हाई. तू उंद्या पुण्याला जाशील तुज्या शाळंत. तुजं काय जातं?

द्वारका : माझं जायचं ते गेलं.

हौशीराम : दत्तोबाच्या मुकादमानंच लाल मागितली, हे बी सांगशील?

द्वारका : ते तर सगळ्यात आधी. फिकी म्हणून उलथली, पाचोळ्याखाली अजून आहे, चला दाखवते म्हणेन.

हौशीराम : त्यो म्हनंल, मास्तरणीला काय कळतं.

द्वारका : म्हणू दे. नख तर त्यालाही आहे. साहेबालाही आहे.

हौशीराम : लय ताठ झालीस. ही भट्टी आता माजी हाय, ध्येनात ठिव. दादाला मुलगा न्हाई. लेक म्हंजे परक्या घरचं धन. तुजा हितला हक काल तेराव्याच्या पानासंगं संपला.

बाया : भाऊ, हे बोलायला नगं व्हतं.

द्वारका : बोलू दे, बाया. भट्टी तुमची, नाना. मी मागितलेली नाही. वड्या माझ्या. ही घागर घेऊन मी नदीच्या उतारावर जाऊन उभी राहते. मोटार तिथूनच येईल.

बाया : घागर म्या घेते कमरंवर. तुला पुण्यात सवय मोडली आसंल.

हौशीराम : आन ही भट्टी? हिचं काय करू मी? दत्तोबा म्हनला, वरचं गोळं काढ, खाली आगीच्या तोंडाशी घाल, लाल सुरखी कर. आज सायबाम्होरं पेटवायची हाय.

द्वारका : ह्या भट्टीचा एक गोळा हलणार नाही.

हौशीराम : अगं, म्हननारी तू कोन?

द्वारका : ही आबांनी रचलीय. पुण्याहून आल्यावर, हौद फुटायच्या आधी. दिसत नव्हतं, तर एकेक दगड चाचपून रचलाय. तू देत होतीस ना, बाया?

बाया : म्या देत व्हते. लहान दगड दिला की परत करायचं. 'ह्यो मधला न्हवं गं, खालचा दे.' दोन दीस रचत व्हतं. वरचं गोळं तर असं ठिवलं, जसं अंड्यावर कोंबडी बसवत्यात.

द्वारका : ती अशीच पेटेल. आणि मी पेटवणार.

हौशीराम : खुळी झालीस का? बाईमानसानं भट्टीला आग द्यायची न्हाई. रीत हाय ती. आतला दगड फुलत न्हाई म्हनत्यात.

द्वारका : वजन उतरलं की दगड फुलतो. काडी कुणी ओढली हे त्याला कळत नाही.

हौशीराम : रीत ती रीत.

द्वारका : रीत त्या दिवशीही होती. आबांना आग तुमच्या सोपाननं दिली. मी लांब बाभळीखाली उभी होते. कुणी म्हटलं, पुढं येऊ नको, मी आले नाही. एकदा पाळली, नाना. दुसऱ्यांदा नाही पाळणार.

बाया : ...म्या काडक्या कोरड्या ठिवल्यात. तोंडाशी.

हौशीराम : तू बी हिच्याच बाजूची.

बाया : म्या भट्टीच्या बाजूची. ती कुटं हाय ते बगून बसते.

हौशीराम : सायेब इच्यारंल, ह्या वड्या कुनाच्या.

द्वारका : घट्ट आबांची. एवढं मी सांगेन.

हौशीराम : आन दुसरी?

द्वारका : दुसरीचं नाव मी घेणार नाही. त्यांनी विचारलं तरी नाही. ते तुमच्यावर सोडलं.

हौशीराम : म्हंजे मला चव्हाट्यावर उभा करनार आन आपुन गप ऱ्हानार.

द्वारका : तुम्ही आबांचे भाऊ आहात. दत्तोबांचे नाही. मी एवढ्यावरच थांबते.

बाया : ऐका. भोंगा वाजला. उताराला आली मोटार. पान्यात उतरताना दत्तोबा असाच वाजिवतो, म्हशी हालाव्यात म्हनून.

हौशीराम : म्हशी त्येच्या बापाला हालायच्या न्हाईत. थांबंल घडीभर.

द्वारका : बाया, घागर घे.

हौशीराम : थांब गं. उतारावर बितारावर नगं जाऊ. हितंच ऱ्हावा दोगी... द्वारके.

द्वारका : काय?

हौशीराम : दादा चाचपून रचत व्हता तवा मी पलीकडं घाणी हाकत व्हतो. मला हाक मारली. म्हनला, 'हौश्या, वर येऊन बघ रं, सरळ लागल्यात का गोळं.' म्या हितनंच म्हनलं, लागल्यात. वर चढून बघितलंच न्हाई.

द्वारका : सरळ लागलेत. मी पाहिलेत.

हौशीराम : काडेपेटी हाय का तुज्यापाशी?

द्वारका : आहे.

हौशीराम : मग पेटीव. खालच्या तोंडानं दे, वारं नदीकडनं हाय. सायेब यायच्या आत धूर निघू दे.

बाया : पेटली बघा! येका काडीत पेटली. आन म्हनं फुलत न्हाई.

हौशीराम : ती दोऱ्याची वडी तू धर. पदरात नगं, उघडी धर, दिसंल आशी.

द्वारका : धरलीय.

बाया : आन ही मऊ? हिचं काय करू, भाऊ? टाकू नदीत?

हौशीराम : आन हिकडं. ती माजी हाय.